बाळीवेसजवळची चालू गिरणी मिळतेय, नोकरी सोडून घेऊ का?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसताच वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदा आली. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय 41. एका खासगी फायनान्स कंपनीच्या शाखेत 14 वर्षं झाली. हातात 46 हजार येतात, मूळ पगार 24 हजार. सकाळी पावणेदहाला हजर व्हायचं, सुटायची वेळ मात्र विचारायची नाही. रात्री आठला कॉन-कॉल. ज्याचा आकडा कमी, त्याला वीस जणांसमोर नाव घेऊन झाडतात. महिनाअखेरीचे चार दिवस मी घरात असून नसल्यासारखा असतो. दोन वर्षांपूर्वी बीपीची गोळी सुरू झाली, गेल्या दिवाळीपासून ती दोन वेळा.

हे सगळं चालवून घेत होतो. पण यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी एक झालं. आमच्या घरी वडिलांपासून बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घालून नंदीध्वजासोबत जायची पद्धत. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी उभा होतो, गर्दी अशी की हात वर काढायला जागा नाही. मुठीत अक्षता, आणि कमरेला खोचलेला फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, पाचदा. 'सत्यम सत्यम' सुरू झालं, सगळ्यांचे हात वर गेले आणि मी एका कानात बोट घालून साहेबांना आठवड्याचा आकडा सांगत होतो. घरी आल्यावर आईनं विचारलं, "टाकल्यास का रे अक्षता?" हो म्हणालो. तांदूळ अजून तळहाताला चिकटलेले होते.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय.

आता मुद्दा. सोलापुरात बाळीवेसजवळ एक जुनी गिरणी आहे. 10 एचपीची दगडी चक्की, 5 एचपीचं मिरची कांडप, आणि मागच्या खोलीत थोडी शेंगाचटणी करून विकतात. मालक काका 67 वर्षांचे. मुलगा पुण्याला, महिन्यातनं एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो आणि "बाबा, बंद करा आता" म्हणून जातो. कामाला एक मामा आहेत, 22 वर्षं तिथंच. काका म्हणतात रोज सरासरी 250 किलो दळण, किलोला 6 रुपये, वर कांडप, वर चटणी. मामांचा पगार, लाईट, भाडं जाऊन महिना 45 हजार सुटतात म्हणे. मी एप्रिलमध्ये दोन शनिवार जाऊन बसलो होतो. मिरचीच्या पिशव्यांची रांग रस्त्यापर्यंत होती, काकांना जेवायला सवड नव्हती.

मागणी 16 लाखांची. मशीन 4, गाळ्याची पगडी, म्हणजे भाडेहक्काचे 8, आणि नाव म्हणजे गुडविल 4. गाळा काकांच्या स्वतःचा नाही, भाड्याचा आहे.

माझ्याकडे पीएफ 7 लाख, एफडी 4 लाख, ग्रॅच्युइटी येईल ती. घराचा हप्ता साडेतेरा हजार, मुलगी दहावीत, आई सोबत. बायको एका खासगी शाळेत, तिला 14 हजार मिळतात. ती नको म्हणत नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हाला गिरणी हवीय का ऑफिस नकोय, ते मला कळेना झालंय." त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

भाव बरोबर आहे का? घरोघरी आटाचक्क्या आल्यात, हा धंदा अजून दहा वर्षं चालेल का? आणि मी काय विचारायला विसरतोय?

बे_एके_बे

काय बे, सोलापुरात बसून 46 हजार हातात येतात आणि सोडायला निघालास? बीपी गिरणीतपण वाढतो, लाईट गेली की.

चेष्टा बाजूला. माझ्या चुलत भावानं विजापूर रोडला चालू झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान घेतलं. मोक्याची जागा, दोन कॉलेजची पोरं. सहा महिन्यांत जुन्या मालकानं चार दुकानं सोडून नवीन टाकलं, मेहुण्याच्या नावावर. पोरं सगळी तिकडं गेली, कारण उधारीची वही त्याच्या डोक्यात होती. भावाकडं राहिली मशीन आणि फ्लेक्स. साडेपाच लाख गेले, आता परत नोकरी करायलाय.

काकांचं वय झालंय खरं, पण त्यांना पुतण्या-भाचा कोण आहे का बघ. मामा उद्या कुणाच्या गिरणीत जातील तेपण बघ. 4 लाखांचं 'नाव' म्हणजे काय रे? पाटीवरचं का मामांच्या तोंडातलं?

दळण_डबा

भाऊ, मी बाई आहे आणि गिरणी चालवते, म्हणून हक्कानं लिहायलेय. 2017 पर्यंत एका विमा ऑफिसात कारकुनी केली. मग अक्कलकोट रोडच्या बाजूला एका वस्तीतली चालू गिरणी घेतली. तेव्हा मीपण तुमच्यासारखीच उन्हाळ्यात बघायला गेले होते. तिथंच फसले.

कांडपाचा हंगाम मार्च ते मे. वर्षाचं तिखट, काळा मसाला सगळा त्या तीन महिन्यांत. एप्रिलमध्ये सोलापुरातली कुठलीही गिरणी बघा, सोन्याची खाण वाटते. माझ्या मालकानं वही दाखवली ती एप्रिल-मेची. जून उजाडला आणि मी दुपारी तीनला खुर्चीत बसून रस्त्याकडं बघायला लागले. श्रावणात तर दोन-दोन तास पट्टा हलत नव्हता.

म्हणून वही बघू नका, लाईटबिल बघा. 12 महिन्यांची बिलं मागा. ग्राहक क्रमांक मिळाला तर महावितरणच्या साइटवरही दिसतात. हिशेब सोपा आहे. 10 एचपीची मोटर भर लोडवर तासाला साडेसात युनिटच्या आसपास खाते. माझ्या दगडावर तासाला 75 किलो ज्वारी निघते, म्हणजे 100 किलोला 10 युनिट. तुमचा दगड थोडा वेगळा असेल, पण फार नाही. रोज 250 किलो खरंच दळत असतील तर 25 युनिट, 26 दिवसांचे 650. हे नुसत्या दळणाचे, ट्यूबलाईट-पंखा वेगळा. पावसाळ्याच्या बिलात 650 दिसले तर काका सांगतात ते बरोबर.

बिलावर अजून दोन गोष्टी वाचा. एक, थकबाकी. ती मागच्या माणसाची असली तरी जागेबरोबर तुमच्या गळ्यात येऊ शकते. दोन, दर कुठला लागलाय. पिठाची गिरणी औद्योगिक दरात बसते. माझं मीटर व्यापारी दरावर होतं, मला पहिलं वर्षभर कळलंच नाही.

घरगुती आटाचक्कीचं विचारलंत. जुळे सोलापुरात, सैफुलला फ्लॅटमध्ये घरोघरी आहे, खरंय. गव्हाचं दळण त्यांनी बऱ्यापैकी खाल्लं. पण आपल्याकडं भाकरी ज्वारीची. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडा फुटतात, उचलायला गेलं की तुटते. म्हणून बायका महिन्याचं दळत नाहीत, आठ-दहा दिवसांचंच आणतात. त्यामुळं सोलापुरात गिरणी टिकून आहे. मंगळवेढ्याची मालदांडी घेऊन येणारी बाई पाकिटातलं पीठ बघतसुद्धा नाही. आणि ज्या पेठेत घरं जुनी आणि सासवा जिवंत, तिथं गिऱ्हाईक अजून आहे. बाळीवेस त्यात बसते.

आता मामांचं. वरच्या दादांनी बरोबर बोट ठेवलंय. माझ्याकडं जुना कामगार टिकला नाही, दुसऱ्या आठवड्यात गेला. मला वाटलं बटण दाबायचं आणि डबा ओतायचा, त्यात काय. पहिल्या महिन्यात अकरा डबे परत आले. कारण गव्हामागं ज्वारी टाकली तर पहिलं किलोभर पीठ मिसळ येतं. ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू असा क्रम लावावा लागतो, आणि तो क्रम लावताना कुणाचा डबा कधीपासून थांबलाय ते लक्षात ठेवावं लागतं. उपवासाचं असेल तर दगड पुसून वेगळाच वेळ. एका आजींना पीठ हातात घेऊन चिमटीत चोळायची सवय, त्या न बोलता डबा तिथंच ठेवून निघून जायच्या. निघून गेल्या की समजायचं, बारीक नाही आलं.

दगडाला टाकी लावणं, म्हणजे छिन्नीनं रेघा पाडणं, ही अजून वेगळी विद्या. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम येतं, डब्याच्या बाहेरून हात लावला तरी चटका बसतो. टाकी लावणारा माणूस आता मिळत नाही, मिळाला तर त्याच्या सवडीनं येतो. मी शेवटी छिन्नी-हातोडा घेऊन स्वतः शिकले. दोन्ही दगड उघडायचे, रेघा मधून कडेला जायच्या, खोली सगळीकडं सारखी. पहिल्यांदा चार तास लागले आणि पुढचे दोन दिवस पिठात कचकच. ते सगळं पीठ शेजारच्या म्हशीला गेलं.

चटणीचं एक सांगते. शेंगदाणे भाजून तेल सुटेपर्यंत कुटले तरच आपली चटणी. मिक्सरला फिरवलेली भुरभुरीत होते, ती सोलापूरची म्हणून विकू नका. काका कुटतात का दळतात ते बघून घ्या. ती मागची खोली मला तुमच्या गिरणीतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, कारण तिला पावसाळा नाही.

ताणाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. रात्री आठला मला आता कुणाचा फोन येत नाही, हे खरं. पण आठ वर्षांत एकही दिवाळी मी फराळ करताना घरी नव्हते. चकलीची भाजणी दळायची रांग वसुबारसेपर्यंत. भोगीच्या आधी बाजरी. पापण्यांवर पीठ, खोकला कायमचा. मास्क लावा, पहिल्या दिवसापासून लावा, मी नाही लावला. मिरचीच्या दिवसांत शेजारीण ठसका लागला की खिडकी आपटून बंद करते आणि माझ्या अंगावर काटा येतो. परत ऑफिसात जाईन का? नाही जाणार. पण हे कुणी आधी सांगितलं असतं तर 3 लाख कमी देऊन घेतली असती.

पेन्शनीत_हिशेबनीस

ताईंनी धंद्याचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. आयुष्य बँकेच्या कर्ज विभागात गेलं.

तुमच्या 16 लाखांतले सगळ्यात धोक्याचे 8 लाख पगडीचे आहेत. काका भाडेकरू आहेत. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूनं जागेच्या बदल्यात पैसे घ्यायला वाव आहे, पण घरमालकाच्या संमतीनं. ती संमती लेखी हवी आणि भाडेपावती तुमच्या नावावर व्हायला हवी. घरमालक संमतीचे पैसे मागेल, तेही कायद्यात बसतं. हे न करता काकांना 8 लाख दिलेत, तर उद्या घरमालक तुम्हाला पोटभाडेकरू म्हणून बाहेर काढायला मोकळा. आधी घरमालकाला भेटा, काकांना सोबत घेऊन. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

स्टेशनरीच्या दुकानाचा किस्सा वाचला. आपल्याकडं "हा धंदा करू नकोस" असा करार सहसा टिकत नाही. पण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 मध्ये एक अपवाद आहे. गुडविल विकणाऱ्यानं ठरावीक परिसरात तोच धंदा करायचा नाही, अशी वाजवी अट घालता येते. तुम्ही गुडविलचे 4 लाख देताय ना? मग करारात गुडविल हा शब्द, ती रक्कम आणि परिसर, तिन्ही लिहून घ्या. मेहुण्याचा बंदोबस्त यातून पूर्ण होत नाही, म्हणून शेवटचे दीड-दोन लाख वर्षभरानं द्यायचे ठरवा.

काकांचा जीएसटी नंबर असेल तर मागची बाकी तपासा. धंदा विकत घेणाऱ्यावर विकणाऱ्याच्या जुन्या कराची जबाबदारीही येते. अन्न परवाना काकांच्या नावाचा आहे, तो पाटीबरोबर मिळत नाही, तुमचा नवा काढावा लागेल.

कर्जाबद्दल लोक तुम्हाला पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना सुचवतील. ती योजना नव्या उद्योगाला आहे, चालू धंदा विकत घ्यायला नाही. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत बघा, तरुण गटात 10 लाखांपर्यंत मिळतं. मात्र बँक मशीनला पैसे देते, पगडी आणि गुडविल म्हटलं की मॅनेजर चहा मागवतो आणि विषय बदलतो.

ग्रॅच्युइटी 24,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 14, म्हणजे 1 लाख 94 हजारांच्या आसपास. पीएफ सगळा घालू नका. आणि राजीनामा द्यायच्या आधी स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी घ्या. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर जाते, आणि बीपी आधीपासून असल्यामुळं नव्या पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ते घड्याळ पगार चालू असतानाच सुरू झालेलं बरं. बीपी लपवू मात्र नका.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहायलोय, कारण तीन आठवडे हेच करायलो होतो.

काकांकडं बिलं मागितली. वाटलं रागावतील. त्यांनी पत्र्याच्या पेटीतनं चळतच काढून दिली, वर हळदीचे डाग. गेल्या वर्षीचे एप्रिल 1190 युनिट, मे 1260, जून 520, जुलै 410, ऑगस्ट 390, सप्टेंबर 375. ताई, ऑगस्टचे ट्यूब-पंख्याचे 40 वजा केले तर दिवसाला साडेतेरा युनिट. म्हणजे 135 किलो. 250 नव्हे. थकबाकी नाही.

काकांसमोर हा हिशेब मांडला. ते बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मी कधी पावसाळ्याचं मोजलंच नाही रे, उन्हाळ्यात येतं त्यावर वर्ष काढतो." फसवत होते असं मला वाटलं नाही. गुडविलचे 4 चे दोन झाले, आणि ते वर्षानंतर द्यायचे. पुतण्या आहे, पण तो हैदराबादला.

चटणी कुटतात. मागच्या खोलीत लोखंडी उखळ आहे, बघितलं.

ऑफिसात 12 दिवसांची रजा टाकली. साहेब म्हणाले महिनाअखेर आहे. मी म्हणालो, दर महिन्यालाच असते. काकांना सांगितलं, बिनपगारी कामाला येतो. मामांनी पहिल्या दिवशी मला एकच काम दिलं, डब्यावर खडूनं नाव लिहायचं. दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण चालू असताना मी शहाणपणा केला आणि एका आजींची ज्वारी गव्हावर टाकली. संध्याकाळी डबा परत. मामा काही बोलले नाहीत, नुसतं खडू माझ्या हातात परत दिला.

बायको एकदा येऊन रस्त्यापलीकडं उभी राहून बघून गेली. आत आली नाही. रात्री विचारलं तर म्हणाली, "दुपारी दीडला तुम्ही बिनकामाचे बसला होता आणि फोनकडं बघत नव्हता." एवढंच. पुढं काही बोलली नाही.

आता अडलंय घरमालकापाशी. संमती द्यायला तयार आहे, 3 लाख मागतोय आणि भाडं दुप्पट. हे जास्त आहे का?

पेन्शनीत_हिशेबनीस

भाडं दुप्पट चालेल, जुनी भाडी तशीही नावापुरती असतात. संमतीची रक्कम काकांच्या 8 मधून वजा करायला सांगा, तुमच्या खिशातून वर नको. पैसे चेकनंच द्या आणि पावती घ्या.

दळण_डबा

दीड सांगा, दोनला तोडा. उन्हाळा संपायच्या आत सौदा करू नका, ऑगस्टात त्यालाही गिरणी बंद दिसली की आवाज खाली येईल.

आणि त्या आजींचं पीठ बदलून दिलंत का?

जुळे_सोलापूरकर

दिलं. घरची ज्वारी दळून नेऊन दिली. चिमटीत चोळून बघितलं आणि डबा आत घेऊन गेल्या.